पचनसंस्थेचा कॅन्सर आणि लघवीची तपासणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लघवी तपासून पोटातला कॅन्सर कळतो का?

लॅबमध्ये जाऊन बाटली द्यावी आणि संध्याकाळी ‘कॅन्सर आहे’ किंवा ‘नाही’ असं उत्तर मिळावं, अशी चाचणी आज नाही. अन्ननलिका, जठर, मोठं आतडं, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड यांपैकी कुठल्याही अवयवाच्या नेहमीच्या कॅन्सरचं निदान लघवीवरून करत नाहीत. त्यासाठी एंडोस्कोपी, कोलोनोस्कोपी, सोनोग्राफी, सीटी स्कॅन आणि शेवटी गाठीचा तुकडा, म्हणजे बायॉप्सी, हाच रस्ता आहे.

याला एक जुना आणि भरवशाचा अपवाद आहे: ५-एचआयएए नावाची तपासणी, जी एका विशिष्ट आणि दुर्मीळ गाठीसाठी करतात. शिवाय स्वादुपिंडाच्या बाबतीत संशोधन खरोखरच पुढे गेलं आहे. या दोन्हींबद्दल खाली जास्त लिहिलं आहे, कारण जाहिराती आणि व्हॉट्सॲपवरच्या मजकुरात नेमक्या याच गोष्टी सापडत नाहीत.

गाठ पोटात, मग तिची खूण लघवीत कशी येते?

रक्तातून. गाठीतल्या पेशी प्रथिनं सोडतात, मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात येतात आणि त्यांच्या चयापचयातून उरलेली रसायनंही रक्तातच उतरतात. मूत्रपिंडं दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला बहुतेक परत शोषून घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकतात. मूत्रपिंडाच्या चाळणीतून लहान रेणू जातात, मोठे अडतात. ही मर्यादा अल्ब्युमिन या प्रथिनाच्या आकाराजवळ आहे. निरोगी माणसाच्या लघवीत अल्ब्युमिन जवळजवळ नसतं, ते याच कारणाने.

डीएनएचेही छोटे तुकडे या चाळणीतून सुटतात. २००४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की लघवीत १५० ते २५० अक्षरं लांबीचे, रक्तातून आलेले तुकडे असतात आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या रुग्णांमध्ये त्या तुकड्यांवर गाठीतलाच जनुकीय बदल सापडू शकतो. कल्पना पक्की आहे. अडचण प्रमाणाची आहे: लघवीत हे तुकडे फार थोडे असतात आणि लघवीतली विकरं ते भराभर तोडतात.

सीईए आणि सीए १९-९ हे कॅन्सरचे मार्कर, म्हणजे खुणा, तर रक्तात बघतात. तेच लघवीत का बघत नाहीत?

कारण ते मोठे आहेत. सीईए हे प्रथिन अल्ब्युमिनच्या दुपटीहून अधिक वजनाचं आहे आणि सीए १९-९ मोठ्या, चिकट, साखरयुक्त प्रथिनांवर बसलेलं असतं. म्हणून लघवीसाठी वेगळे, लहान रेणू शोधावे लागतात.

रक्तातले हे दोन मार्करही निदानासाठी नाहीत, हे इथे सांगायलाच हवं. मुख्यतः उपचारांना प्रतिसाद मिळतोय का, आजार परत आला का, हे त्यांच्यावरून बघतात. साधी कावीळ झाली तरी सीए १९-९ वाढतं, आणि शंभरातल्या पाच-दहा माणसांच्या शरीरात ते रक्तगटाच्या ठेवणीमुळे मुळात तयारच होत नाही.

५-एचआयएए म्हणजे काय? डॉक्टर ती कुणाला सांगतात?

लहान आतडं, अपेंडिक्स, स्वादुपिंड अशा ठिकाणी न्यूरोएंडोक्राइन, म्हणजे संप्रेरकं तयार करणाऱ्या, पेशी असतात. त्यांच्यापासून होणाऱ्या गाठींना पूर्वी सरसकट ‘कार्सिनॉइड’ म्हणत. हे नाव १९०७ मध्ये जर्मन विकृतिशास्त्रज्ञ ओबर्नडॉर्फर यांनी दिलं. यातल्या काही गाठी, विशेषतः लहान आतड्यातल्या, सेरोटोनिन हे संप्रेरक बेसुमार तयार करतात. शरीर ते मोडतं आणि उरलेला भाग, म्हणजे ५-एचआयएए, लघवीतून टाकतं. गाठ जेवढी जास्त सेरोटोनिन करेल, तेवढं लघवीत ५-एचआयएए वाढेल. १९५० च्या दशकापासून ही तपासणी वापरात आहे.

चेहरा आणि मान अचानक लाल होऊन गरम होणं, दिवसातून अनेकदा पातळ जुलाब, दम्यासारखी घरघर अशी लक्षणं एकत्र दिसली की डॉक्टर ही तपासणी सांगतात. निरोगी शरीर आहारातल्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापैकी सुमारे एक टक्काच सेरोटोनिनसाठी वापरतं. या आजारात हे प्रमाण साठ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. त्यामुळे त्याच ट्रिप्टोफॅनपासून बनणारं नायसिन हे ब जीवनसत्त्व कमी पडतं आणि काही रुग्णांच्या त्वचेवर पेलाग्रा या नायसिनच्या कमतरतेच्या आजारासारखे चट्टे येतात. हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपाही जाड होऊ शकतात. आतड्यातल्या गाठीमुळे हृदयाचा इको काढायला सांगितला, तर घाबरू नका आणि टाळूही नका. त्याचं कारण हे आहे.

मात्र ही तपासणी सुरुवातीच्या अवस्थेतली गाठ पकडण्यासाठी नाही. आतड्यातून निघालेलं सेरोटोनिन आधी यकृतात जातं आणि यकृत ते मोडून टाकतं. म्हणून लालसरपणा आणि जुलाब ही लक्षणं बहुधा गाठ यकृतात पसरल्यावरच दिसतात. गुदाशयातल्या न्यूरोएंडोक्राइन गाठी तर सहसा सेरोटोनिन करतच नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी या तपासणीचा उपयोग नाही.

चोवीस तासांची लघवी कशी गोळा करायची?

रिपोर्ट चुकण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे ही गोळा करण्याची पद्धत. आमचं कळकळीचं सांगणं आहे की सुट्टीच्या दिवशी, घरी असताना करा.

सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्या आणि घड्याळात वेळ बघून लिहून ठेवा. त्यानंतर दिवसभर आणि रात्रभर होणारी प्रत्येक लघवी लॅबने दिलेल्या कॅनमध्ये जमा करा. दुसऱ्या दिवशी बरोबर त्याच वेळी शेवटची लघवी करा, तीही कॅनमध्ये घ्या. एकदा जरी विसरून संडासात गेली तरी लॅबला सांगा. लपवू नका, कारण संपूर्ण हिशोब चोवीस तासांच्या एकूण प्रमाणावर चालतो.

कॅनच्या तळाशी बहुधा आम्ल घातलेलं असतं. ते ओतून टाकू नका, कॅन धुऊ नका आणि थेट कॅनमध्ये लघवी करू नका, अंगावर उडालं तर भाजेल. आधी स्वच्छ प्लास्टिकच्या मगात घ्या आणि मग सावकाश ओता. कॅन थंड जागी, उन्हापासून दूर आणि मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. काही लॅब चोवीस तासांऐवजी एकदाच दिलेला नमुना घेतात आणि क्रिएटिनिनशी गुणोत्तर काढतात. काही ठिकाणी रक्तातलं ५-एचआयएएही मोजतात. तुमच्या डॉक्टरांनी कुठलं सांगितलंय ते नीट विचारून घ्या.

या तपासणीआधी काय खायचं नाही?

नमुना घेण्याआधी साधारण तीन दिवस आणि गोळा करतानाच्या दिवशीही केळी, अननस, अक्रोड, टोमॅटो, वांगी, किवी, आलुबुखार आणि ॲव्होकॅडो बंद. या पदार्थांमध्ये मुळातच सेरोटोनिन किंवा त्याच्या जवळची द्रव्यं असतात आणि रिपोर्ट खोटा वाढलेला येऊ शकतो.

इंटरनेटवरच्या परदेशी याद्यांमध्ये ॲव्होकॅडो वर असतो. आपल्या घरात खरी अडचण टोमॅटो, केळी आणि वांगी यांची आहे. टोमॅटो आमटीत, कोशिंबिरीत, सॉसमध्ये, पावभाजीत लपलेला असतो. उपासाच्या दिवशी केळी हमखास पोटात जातात, शिकरण तर घराघरात होते. भरीत आणि भरली वांगी वेगळी सांगायला नकोत. तीन दिवस वरण-भात, भाकरी, दुधी किंवा दोडक्याची भाजी, ताक यांवर राहिलं की प्रश्न मिटतो. आंबटपणासाठी टोमॅटोऐवजी आमसूल घाला. नवरात्र किंवा श्रावण सुरू असेल तर तपासणी थोडी पुढे घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.

औषधांचंही तसंच आहे. पॅरासिटामॉल, तसंच ग्वायफेनेसिन असलेली खोकल्याची औषधं आकडा वाढवू शकतात, तर ॲस्पिरिन आणि लेव्होडोपा (पार्किन्सनचं औषध) कमी दाखवू शकतात. हृदयासाठी ॲस्पिरिन सुरू असेल तर ती मनाने बंद करू नका. घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा, काय थांबवायचं ते तेच सांगतील.

रिपोर्ट वाढलेला आला तर कॅन्सर नक्की? आणि नॉर्मल आला तर नाही?

दोन्ही उत्तरं ‘नाही’. बहुतेक लॅबमध्ये वरची मर्यादा चोवीस तासांना ८ ते १० मिलिग्रॅमच्या आसपास असते. किंचित वाढ आहारामुळे, औषधामुळे किंवा सिलिअ‍ॅकसारख्या आतड्याच्या आजारामुळेही होते. अशा वेळी पथ्य नीट पाळून तपासणी पुन्हा करतात. आकडा मर्यादेच्या कित्येक पट असेल तर मात्र पुढचे स्कॅन लांबवू नयेत. मूत्रपिंडं कमजोर असतील तर गाठ असूनही आकडा कमी दिसू शकतो.

स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी लघवीची चाचणी निघाली आहे, असं वाचलं. खरं आहे का?

संशोधन खरं आहे. दवाखान्यात वापरायची चाचणी अजून नाही.

लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाच्या बार्ट्स कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये तात्याना क्र्नोगोराक-युर्चेविच यांच्या गटाने २०१५ मध्ये हे काम प्रसिद्ध केलं. आधी मोजक्या लघवीच्या नमुन्यांत सुमारे १५०० प्रथिनं ओळखली. त्यातून तीन निवडली: लायव्ह१, रेग१ए आणि टीएफएफ१. मग ४८८ नमुन्यांवर ती तपासली. त्यात १९२ नमुने स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांचे, ९२ जुनाट स्वादुपिंडदाहाचे आणि ८७ निरोगी लोकांचे होते, बाकीचे इतर आजारांचे. तिन्ही प्रथिनं एकत्र धरली तर कॅन्सरचे रुग्ण आणि निरोगी लोक बऱ्यापैकी वेगळे काढता आले, आणि महत्त्वाचं म्हणजे पहिल्या-दुसऱ्या अवस्थेतले रुग्णसुद्धा. पुढे रेग१ए च्या जागी रेग१बी आलं. ‘पँक्रिस्क’ नावाचं गणित तयार झालं, ज्यात तीन प्रथिनांबरोबर वय आणि लघवीतलं क्रिएटिनिनही धरतात. २०२० मध्ये ५९० नमुन्यांवरचे निष्कर्ष आले: १९९ कॅन्सरचे, २०८ यकृत-पित्त-स्वादुपिंडाच्या साध्या आजारांचे आणि १८३ निरोगी. रक्तातलं सीए १९-९ जोडलं की हे गणित आणखी नेमकं होतं, असंही दिसलं. आता लक्षणं असलेल्या आणि जोखीम जास्त असलेल्या लोकांवर ‘युरोपँक’ हा अभ्यास चालू आहे.

या कामाबद्दल आम्हाला मनापासून आशा वाटते. स्वादुपिंड पोटात खोल, जठराच्या मागे असतं. गाठ लहान असताना दुखत नाही आणि दुखायला लागते तेव्हा बहुतेकांची शस्त्रक्रियेची वेळ गेलेली असते. पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण शंभरात दहाच्या आसपास आहे. इथे काही महिने आधी कळण्याला जी किंमत आहे, ती दुसऱ्या फार थोड्या आजारांत असेल.

क्रिएटिनिन कशाला लागतं?

भरपूर पाणी प्यायलं की लघवी पातळ होते आणि त्यातलं प्रत्येक द्रव्य कमी दिसतं. क्रिएटिनिन रोज साधारण सारख्याच प्रमाणात बाहेर पडतं, म्हणून त्याच्याशी तुलना करून लघवी किती पातळ आहे याचा हिशोब लावतात.

एवढी चांगली चाचणी असेल तर पन्नाशीपुढच्या सगळ्यांची का करू नये?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि त्याचं उत्तर आकड्यांतच द्यावं लागेल. पुढचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत.

समजा, एखादी चाचणी १०० पैकी ८५ कॅन्सर पकडते आणि १०० निरोगी लोकांपैकी ९० जणांना बरोबर ‘नाही’ सांगते. ऐकायला उत्तम. आता ती पन्नाशीपुढच्या १ लाख लोकांना लावू. स्वादुपिंडाचा कॅन्सर तसा दुर्मीळ आहे. या १ लाखात २० जणांना तो लपलेला आहे असं धरू. चाचणी त्यातले १७ पकडेल, ३ सुटतील. उरलेल्या ९९,९८० निरोगी लोकांपैकी दहा टक्के, म्हणजे जवळपास १०,००० लोकांना ‘पॉझिटिव्ह’ सांगेल. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या सुमारे ५९० माणसांमागे एकालाच आजार. बाकी सगळ्यांचे सीटी स्कॅन, एमआरआय, रात्र-रात्र न लागणारी झोप, कर्ज काढून केलेला खर्च, आणि काहींच्या स्वादुपिंडात टोचलेली सुई, ज्यातून दाह होऊ शकतो.

आता तीच चाचणी वेगळ्या गटाला लावू. पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह झालेल्या लोकांमध्ये तीन वर्षांत साधारण १ टक्का जणांना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघतो, असं अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या अभ्यासात दिसलं आहे. अशा १ लाखात १००० रुग्ण धरले तर ८५० सापडतील आणि ९,९०० जणांना खोटा पॉझिटिव्ह येईल. म्हणजे सुमारे तेरा पॉझिटिव्हमागे एक खरा. चाचणी तीच, पण आता तिच्यावरून पुढचा तपास करणं परवडतं. म्हणून संशोधक सगळ्यांच्या मागे न लागता नवा मधुमेह, घरातला इतिहास, कारण नसताना घटलेलं वजन अशा लोकांकडे वळले आहेत. ‘अमुक टक्के अचूक’ हा आकडा कुणी सांगितला की आधी विचारायचं: कुठल्या लोकांमध्ये?

जठर आणि मोठ्या आतड्यासाठी काय आहे?

जपानमध्ये नागोया सिटी विद्यापीठाच्या गटाने जठराच्या कॅन्सरसाठी लघवीतली टीएफएफ१ आणि एडीएएम१२ ही प्रथिनं सुचवली आहेत. टीएफएफ१ हे वर स्वादुपिंडाच्या यादीतही आलंच आहे. निरोगी जठराचं अस्तरही ते तयार करतं. त्यामुळे ते एकटं वाढलं म्हणून गाठ कुठे आहे हे कळत नाही.

मोठ्या आतड्यासाठी पॉलिअमिन या रसायनांवर सगळ्यात जुनं काम आहे. कॅन्सरच्या रुग्णांच्या लघवीत ती वाढतात हे डायान रसेल यांनी १९७१ मध्ये दाखवलं. जपानी शास्त्रज्ञांनी त्यातलंच डायअ‍ॅसिटिलस्पर्मिन हे जास्त नेमकं असल्याचं पुढे दाखवलं. पन्नास वर्षांहून अधिक काळ झाला तरी ते नेहमीच्या वापरात आलं नाही, कारण पेशी जिथे भराभर वाढतात तिथे पॉलिअमिन वाढतात, मग तो जंतुसंसर्ग असो की भरून येणारी जखम. कॅनडातल्या एडमंटनमध्ये आतड्यातले मोड, म्हणजे पॉलिप, लघवीतल्या तीन रसायनांवरून ओळखायची चाचणीही तयार झाली.

आतड्यासाठी आज हाताशी असलेली साधी तपासणी लघवीची नाही, शौचाची आहे. ‘फिट’ नावाची ही तपासणी डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधते आणि ते सापडलं तर कोलोनोस्कोपी करतात. शौचातून रक्त जात असेल तर ‘मूळव्याधच असेल’ असं धरून वर्ष काढू नका.

यकृताच्या कॅन्सरचा लघवीशी काही संबंध आहे का?

आहे, आणि आपल्या स्वयंपाकघराशीही आहे. शेंगदाणे, मका यांना ओल लागून ॲस्परजिलस जातीची बुरशी आली की अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. १९८६ ते १९८९ मध्ये शांघायमध्ये १८,२४४ पुरुषांचे लघवीचे नमुने साठवून ठेवले आणि त्यांच्या आरोग्यावर लक्ष ठेवलं. ज्यांच्या लघवीत अफ्लाटॉक्सिनच्या खुणा होत्या त्यांना यकृताच्या कॅन्सरचा धोका सुमारे तिप्पट निघाला. हेपटायटिस बी असलेल्यांना सुमारे सातपट. आणि दोन्ही एकत्र असलेल्यांना जवळजवळ साठपट. ही खूण गाठीची नव्हती, गाठ होण्याआधीच्या विषाची होती. लघवीतून मिळालेली इतकी उपयोगी माहिती आम्हाला दुसरी आठवत नाही.

अफ्लाटॉक्सिन यकृतातल्या पेशींच्या पी५३ जनुकात एका ठराविक जागी बदल घडवतं. अमेरिकेत त्या बदलासह काही डीएनए-खुणा लघवीत शोधण्याचं काम चालू आहे. पण रुग्णांसाठी आजही शिफारस हीच: सिऱ्हॉसिस (यकृत निबर होण्याचा आजार) असलेल्यांनी आणि हेपटायटिस बी मुळे धोका जास्त असलेल्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी. सोबत बरेच डॉक्टर रक्तातलं एएफपी हे प्रथिनही बघतात. घरात काय करायचं ते सोपं आहे. काळपट, सुरकुतलेले, बुरशी आलेले शेंगदाणे निवडून फेका, कुटात घालू नका. भाजल्याने हे विष पूर्ण जात नाही. आणि बाळाला हेपटायटिस बी ची लस जन्मल्यापासून चोवीस तासांत मिळाली का, ते बघा.

जपानमध्ये सूक्ष्म किडे लघवी हुंगून कॅन्सर ओळखतात म्हणे?

सी. एलिगन्स नावाचे मिलिमीटरभर लांबीचे कृमी काही वासांकडे ओढले जातात. २०१५ मध्ये जपानी संशोधकांनी २४२ नमुन्यांवर प्रयोग करून मोठं यश मिळाल्याचं सांगितलं, आणि पुढे ही चाचणी तिथे विकायलाही आली. त्या २४२ मध्ये कॅन्सरचे रुग्ण फक्त २४ होते. शिवाय पॉझिटिव्ह आलं तरी गाठ कुठल्या अवयवात ते कळत नाही, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत शोध सुरू. आमच्या मते यावर पैसे घालवू नयेत.

नेहमीच्या ‘युरीन रूटीन’मध्ये काहीच दिसत नाही का?

एक गोष्ट दिसू शकते, आणि ती मोलाची आहे. रिपोर्टमध्ये ‘बाइल सॉल्ट’ आणि ‘बाइल पिगमेंट’ अशा ओळी असतात. तिथे ‘प्रेझेंट’ लिहिलं असेल तर पित्ताचा रंग लघवीत उतरतोय. हेपटायटिसमध्ये असं होतं, पित्तनलिकेत खडा अडकला तरी होतं. स्वादुपिंडाच्या डोक्याकडची किंवा पित्तनलिकेतली गाठ वाट अडवते तेव्हाही होतं.

हे डोळ्यांनाही दिसतं. लघवी मोहरीच्या तेलासारखी गडद, शौच पांढरट मातीसारखं, अंगाला खाज आणि डोळे पिवळे. पोट दुखत नसताना अशी कावीळ झाली, विशेषतः पन्नाशीनंतर, तर गाठीची शक्यता आधी तपासावी लागते. आपल्याकडे कावीळ झाली की गावठी औषध, गळ्यात माळ, नाकात थेंब असे उपाय आधी होतात. हेपटायटिस ए ची कावीळ बहुतेक वेळा आपोआप बरी होते, त्यामुळे श्रेय त्या औषधाला मिळतं. गाठीमुळे झालेली कावीळ मात्र माळेची वाट बघत नाही, आणि तो महिना शस्त्रक्रियेचा असतो. डोळे पिवळे दिसले की त्याच आठवड्यात रक्तातल्या बिलिरुबिनची, म्हणजे पित्ताच्या रंगाची, तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी करा. घरातल्या वडीलधाऱ्यांना औषध सोडायचं नसेल तर वाद घालत बसू नका, त्यांना घेऊन सोनोग्राफीला जा.

माझ्या वडिलांना स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. मी लघवीची चाचणी करून घेऊ का?

संशोधनात सहभागी होण्याची संधी मिळाली तर जरूर घ्या. एरवी जवळच्या रक्ताच्या नात्यात दोघांना किंवा जास्त जणांना हा आजार झाला असेल, किंवा घरात बीआरसीए२ सारखा जनुकीय बदल सापडला असेल, तर जनुकीय समुपदेशकाकडे जा. जोखीम खरोखर जास्त निघाली तर ठरावीक वयापासून दर वर्षी एमआरआय किंवा एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड करतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात असा सल्ला मिळतो. विडी-सिगरेट असेल तर ती सोडणं तुमच्या हातात आहे, या कॅन्सरचं ते मोठं आणि टाळता येणारं कारण आहे.

‘एका लघवीच्या नमुन्यात अनेक कॅन्सर ओळखा’ अशी जाहिरात आली तर काय विचारावं?

नेमका कुठला रेणू मोजता? अभ्यासात किती रुग्ण होते आणि त्यातले किती पहिल्या अवस्थेतले? निरोगी लोकांशी तुलना केली की कावीळ, स्वादुपिंडदाह, अल्सर असलेल्यांशीही? पॉझिटिव्ह आलं तर पुढचा तपास कोण करणार आणि कुणाच्या खर्चाने? निगेटिव्ह आलं आणि लक्षणं चालूच राहिली तर काय? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘मग काळजी नको’ असं आलं तर तिथे नमुना देऊ नका.